तिघांची सहल

जुरोंग ईस्ट, सिंगापूर, १० डिसेंबर

अनघा,

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस आणि ईमेल उघडत नाहीस, म्हणून हा कागद. पाकिटं पोस्टातून आणली. काउंटरवरच्या बाईने दोनदा विचारलं, पार्सल की लेटर? लेटर म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

परवा मी युरोपला निघतो. एकटाच. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला आपण तिघांनी सोफ्यावर बसून बुक केलेली ती सहल. तुझं तिकीट रद्द झालं हे तुला माहीत आहेच. राजसचंही झालं, हे तुला आता कळतंय. परीक्षा संपल्या-संपल्या त्याने मॉलमधल्या बबल टीच्या दुकानात काम धरलं आणि मला त्याच्या त्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, ‘यू गो लाह बाबा, माझ्या शिफ्ट्स आहेत.’ बारा दिवस माझ्याबरोबर एका खोलीत राहायची त्याला इच्छा नाही, एवढं मला समजतं. दोन खुर्च्या रिकाम्या गेल्या. तिसरीवर मी बसणार आहे. घरात बसून तरी काय करू?

तुझ्या भावाने मला फोनवर सुनावलं की मी राजसला तुझ्याविरुद्ध शिकवतो, म्हणून तो तुझे फोन उचलत नाही. मी काही शिकवत नाही. तुझा फोन वाजतो तेव्हा तो मोबाइल पालथा घालतो आणि वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो. मी दोनदा बोललो. ‘नंतर, बाबा,’ एवढंच. तू मार्चमध्ये निघून गेलीस, त्याचा त्याला राग असणार असं मी धरून चाललो आहे.

लष्कराचं भरतीचं पत्र आलं. राजसने १० फेब्रुवारीला हजर व्हायचं. त्या दिवशी आईवडिलांना मुलांबरोबर बोटीने टेकाँग बेटावरच्या प्रशिक्षण-छावणीत नेतात. त्यांच्या खोल्या दाखवतात, जेवू घालतात, मुलांची शपथ बघू देतात आणि मग आपल्याला परत पाठवतात. तू यावंस. माझ्यासाठी नाही. अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी शिपाई होतोय आणि तिथे त्याची आई नाही, हे मला बघवणार नाही.

आणि ज्यावरून तू गेलीस ते पुन्हा एकदा लिहितो. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, घेताना मुलाला पुढे लष्करात जावं लागेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात असेल. मी वाचलं नाही. आपल्याबरोबरच अर्ज केलेल्या निशिकांतने वाचलं आणि आपल्या मुलाला अर्जातून वगळलं. तो हुशार, मी गाढव. पण गाढवपणा म्हणजे गुन्हा नव्हे.

रवींद्र


जुरोंग ईस्ट, २७ डिसेंबर

अनघा,

परत आलो. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, सहल चांगली झाली.

पुण्याहून आलेल्या चौतीस लोकांत मी एकटा सिंगापूरचा आणि एकटा एकटा. बाकी सगळी जोडपी आणि त्यांच्या सुना-नातवंडं. माझ्याबरोबर खोलीत प्रताप नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते, नगरचे, बँकेतून निवृत्त, मुलगा-सुनेबरोबर आलेले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, मिसेस नाही आल्या? मी सांगून टाकलं की तुझा गुडघा दुखावलाय. मग रोज सकाळी नाश्त्याला त्या गुडघ्याची चौकशी. चौथ्या दिवशी एका वहिनींनी मला तुझ्यासाठी तेलाची बाटली दिली. ती कपाटात आहे.

पॅरिसला आयफेल टॉवर धुक्यात अर्ध्यावरून गायब होता. आमचा टूर मॅनेजर रुचिर, पंचवीस वर्षांचा, भयंकर उत्साही, म्हणाला, ‘वरचा भाग कल्पनेने बघा.’ तरी सगळ्यांनी फोटो काढले. माझा कुणी काढायचा? प्रतापरावांनी काढला. त्यात माझं डोकं नाही, टॉवरचंही नाही. तू असतीस तर त्या फोटोवर चार दिवस हसली असतीस.

पॅरिसच्याच विजय-कमानीखाली त्यांच्या अनाम सैनिकाची समाधी आहे, तिथे कायम ज्योत पेटलेली असते. रुचिरने घड्याळ बघून सांगितलं, सात मिनिटं. सात मिनिटांत कुणाचंही दुःख होत नाही. एका काकांनी ज्योतीला हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले, मीही जोडले. ब्रसेल्सच्या मोठ्या चौकात नाताळचं झाड होतं आणि इमारतींवर रंगीत प्रकाश पडत होता. तू ज्याला ‘एवढुसा?’ म्हणाली असतीस तो मूत्रविसर्जन करणाऱ्या बाळाचा पुतळा बघायला आम्ही पावसात वीस मिनिटं चाललो. ॲमस्टरडॅमला युद्धस्मारकाच्या पायऱ्यांवर बसून आमच्या ग्रुपने चिवडा खाल्ला. मी रुचिरला म्हटलं, अहो, हे मेलेल्यांचं स्मारक आहे. तो म्हणाला, ‘सर, बसायला हीच जागा कोरडी आहे.’ त्याचंही खरं होतं.

रोज संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत अंताक्षरी. मी दोन दिवस बसलो, मग डोकं दुखतंय म्हणून खोलीवर जायला लागलो. चौतीस लोकांत मराठी ऐकत राहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. उलट झालं. सगळे ‘अगं’, ‘अहो’ करत एकमेकांचे स्वेटर शोधत होते, आणि माझा स्वेटर कुठे आहे हे फक्त मलाच माहीत होतं.

राजसने काहीही आणू नका म्हणून सांगितलं होतं. फक्त एक फोटो मागितला होता. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. आज नको.

१० फेब्रुवारीचं काय ते कळव. तिकिटं महाग होतील.

रवींद्र


जुरोंग ईस्ट, ४ जानेवारी

अनघा,

राजसने मागितलेला फोटो मेनिन गेटचा. बेल्जियममध्ये ईपर नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात ते पार भुईसपाट झालं होतं. राजसला शाळेत इतिहासात होतं. ज्यांची प्रेतंही सापडली नाहीत अशा पन्नास हजारांहून जास्त सैनिकांची नावं त्या वेशीवर कोरलेली आहेत. आमच्या सहलीत ते गाव नव्हतं. ब्रसेल्सला मोकळा दिवस होता, सगळे चॉकलेटच्या कारखान्यात गेले आणि मी दोन तास आगगाडीत बसून एकटा तिकडे गेलो. रुचिरने माझ्याकडून मी स्वतःच्या जबाबदारीवर जातोय असं लिहून घेतलं. मी सही केली. सही करताना माझा हात कधी अडखळत नाही, हे तुला माहीत आहे.

वेस मोठी आहे, आतून बोगद्यासारखी, आणि दोन्ही भिंतींवर वरपर्यंत नुसती नावं. वाचता वाचता मान दुखायला लागते. आपल्याकडच्या पलटणींची नावंही आहेत. कुणाच्या गावाला ते कळलं असेल की नाही देव जाणे. मी फोटो काढून राजसला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, ‘सो मेनी सिया.’ आणि दोन मिनिटांनी, ‘थँक यू बाबा. जॅकेट घातलंय ना?’

तिथून तटबंदीवरून चालत गेलं की पाण्याच्या काठाला एक लहानशी दफनभूमी लागते. दुपारचे तीन वाजले होते, पाऊस थांबला होता, मी सोडून कुणी नव्हतं. सगळे दगड सारखे. नाव, पलटण, तारीख, वय. सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेली एक ओळ. मी वयं वाचत गेलो. तेवीस. एकवीस. एकोणीस. पुन्हा एकोणीस. एका दगडाखाली फक्त एवढंच होतं की हा आईचा एकुलता एक. त्या दगडासमोर मी बराच वेळ उभा होतो. तू मार्चमध्ये स्वयंपाकघरात जे म्हणाली होतीस, की मी कागदावर मूल देऊन टाकलं, ते मला तिथे ऐकू आलं. तेव्हा मी तुला नाटकी म्हणालो होतो. तो शब्द मी परत घेतो.

रोज संध्याकाळी आठ वाजता त्या वेशीखाली रहदारी थांबवतात आणि बिगूल वाजवतात. मी थांबलो. माझ्या शेजारी गावातलाच एक म्हातारा उभा होता, तो दर आठवड्याला येतो म्हणे. संपल्यावर थोडं बोलणं झालं. हवापाण्याचं. मग मी गाडी पकडली.

तू येशील तर तुझ्या मैत्रिणीकडे, प्रणिताकडे यिशुनला उतरू शकतेस, मी तिला विचारून ठेवलंय. या घरात यायची सक्ती नाही.

रवींद्र


जुरोंग ईस्ट, १८ जानेवारी

अनघा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दहा महिन्यांत पहिलं. तुझं अक्षर बघून मी बूटही न काढता दारातच वाचलं.

तू लिहिलंस, येतेस. ८ तारखेचं तिकीट काढलं आहेस. लिहिलंस की त्या दफनभूमीबद्दल वाचून तू रडलीस, आणि ‘तुला माहीत नव्हतं यावर मी आता विश्वास ठेवते, चूक कुणाकडूनही होते, दहा महिने तोंड फिरवून बसले ते पुरे झालं. राजसला सांग, आई येतेय.’

चार दिवस झाले, मी राजसला सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. तो समोर बसून नूडल्स खातो आणि मी उठून भांडी घासायला लागतो.

काल क्रांजीला गेलो. इथून सरळ गाडी, पाच स्टेशनं. चौदा वर्षं या शहरात राहतोय, पण तिथलं युद्धस्मारक मी कधी बघितलं नव्हतं. राजसला शाळेने नेलं होतं. ईपरला होते तसेच दगड, तशाच ओळी, फक्त ऊन आणि गवत कापायच्या यंत्राचा आवाज. मी पुन्हा वयं वाचली आणि एका झाडाखाली बसून ठरवलं की तुला लिहायचं.

अनघा, मला माहीत होतं.

पीआरचे कागद घ्यायला आपण तिघं इमिग्रेशनच्या इमारतीत गेलो होतो. तुझा फोटो चालला नाही म्हणून तू नवा काढायला खाली गेलीस. तेवढ्यात आपला नंबर आला. काउंटरवर एक चिनी बाई होती, चष्मा लावलेली, फार सभ्य. राजस माझ्याजवळ होता. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली की याला अठराव्या वर्षी दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस करावी लागेल, तुम्हाला हे समजलंय ना? मी हो म्हणालो. तिने कागद माझ्याकडे वळवला, त्या ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा सांगितलं. म्हणाली, मुलाला वगळायचं असेल तर अजून वगळता येईल, हवं तर मिसेसशी बोलून या. मी म्हटलं, गरज नाही. आणि सही केली.

तू वर आलीस तेव्हा मी म्हणालो, झालं, नुसती फॉर्मॅलिटी होती.

का, ते सांगतो, सारवासारव म्हणून नाही. आपल्याला घर घ्यायचं होतं. राजसला चांगल्या शाळेत जागा हवी होती. भाड्याच्या घरातून तिसऱ्यांदा हाकललं गेल्यावर तू सामान बांधताना रडली होतीस, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाही. दहा वर्षं म्हणजे फार लांब वाटलं, कायदा बदलेल, आपणच परत जाऊ. मग लष्कराचं पहिलं पत्र आलं, तू मला विचारलंस, तुला माहीत होतं का, आणि मी नाही म्हणालो. एकदा म्हटल्यावर ते रोज म्हणावं लागलं.

ईपरच्या त्या म्हाताऱ्याशी मी हवापाण्याचं बोललो नव्हतो. त्याने विचारलं, इथे तुमचं कुणी आहे का? मी म्हटलं, नाही, पण माझा मुलगा फेब्रुवारीत लष्करात जातोय. त्याने विचारलं, स्वतःहून? मी म्हटलं, नाही, मी सही केली होती. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, ते एका परक्या माणसाजवळ, परक्या गावात. त्याने माझा हात हातात घेतला. अख्ख्या सहलीत मला कुणी हात लावला तो तेवढाच.

चूक होती म्हणून तू मला माफ केलंस. ती चूक नव्हती. तू ज्या माणसाला माफ केलंस तो मी नाही. एवढं लिहिल्यावर तुझं तिकीट तू रद्द करशील, हे मला कळतं. मी म्हणूनच चार दिवस थांबलो होतो. पण तू इथे येऊन माझ्या शेजारी बोटीत बसावंस आणि मी गप्प राहावं, हे आता जमणार नाही.

जमलं तर राजससाठी ये. माझ्याशी बोलू नकोस.

रवींद्र


जुरोंग ईस्ट, १० फेब्रुवारी, दुपार

अनघा,

तू आली नाहीस. तक्रार करत नाही. ८ तारखेला मी विमानतळावर गेलो होतो, उगाच. पुण्याच्या विमानातले सगळे बाहेर पडेपर्यंत उभा होतो आणि मग बसने परत आलो.

राजसला मी तू येणार असल्याचं शेवटपर्यंत बोललो नव्हतो, तरी धक्क्यावर तो सारखा मागे वळून बघत होता. प्रत्येक मुलाबरोबर निदान तीन-चार माणसं. आजीआजोबा, बहिणी, कुणाची मैत्रीण. आमच्यामागे एक मलय कुटुंब होतं, त्यांनी अख्खा डबा आणला होता. आम्ही दोघंच, आणि त्याची एक काळी पिशवी.

बोटीत त्याने विचारलं, ‘आईला आर्मी आवडत नाही म्हणून नाही आली ना?’ मला हो म्हणता आलं असतं. सोपं होतं. मी म्हटलं, नाही रे. आई येणार होती. माझ्यामुळे आली नाही. आणि त्याला सगळं सांगितलं, काउंटर, ती बाई, कागदावरचं बोट. बोटीचा आवाज मोठा होता, मला जवळजवळ त्याच्या कानात बोलावं लागलं. बोलताना मी पाण्याकडे बघत होतो.

तो म्हणाला, ‘आय नो, बाबा.’

मी त्याच्याकडे बघितलं.

‘आय वॉज देअर, व्हॉट. तुम्ही माझा हात धरला होता. त्या आंटीने टू टाइम्स सांगितलं. मी एट इयर्सचा होतो, इंग्लिश येत होतं मला.’

अनघा, दहा वर्षं त्याला माहीत होतं. ते पहिलं पत्र आल्यापासून तू जाईपर्यंत मी त्याच्यासमोर बसून तुला शंभर वेळा सांगितलं असेल की मला कुणी बोललं नव्हतं. तो तिथेच असायचा, अभ्यास करत, दूध पीत. एकदाही त्याने तोंड उघडलं नाही. मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर ती तुम्हाला सोडून गेली असती. मग तू तशीही गेलीस. आणि गेल्यावर दर फोनला तू त्याला एकच विचारायचीस, बाबांना माहीत होतं का रे, खरं सांग. त्याला तुझ्याशी खोटं बोलता येईना आणि खरं सांगून मला तोंडघशी पाडता येईना. म्हणून तो फोन पालथा घालत होता. तुझ्यावर रागावलेला नव्हता तो. कधीच नव्हता. मी मात्र तुला तसं लिहून मोकळा झालो.

मग त्याने विचारलं, ‘आईला आता माहीत आहे?’ मी म्हटलं, हो, मीच लिहिलं. तो म्हणाला, ‘ओके. देन आय कॅन कॉल हर.’ त्याच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी तो दुसरीतला राजस दिसला. मी तिथे बोटीत रडलो. शेजारच्या मलय आजींनी मला टिश्यू दिला. त्यांना वाटलं असेल, मुलाला सोडायला चाललाय म्हणून. तेही होतंच.

बेटावर त्यांनी आम्हाला जेवू घातलं. भात, डाळ, कोबी, एक सफरचंद. खोली स्वच्छ आहे, पलंग खिडकीशी मिळालाय. शपथ घेताना तो मागून तिसऱ्या रांगेत होता, एवढ्या मुलांत मला शोधायला वेळ लागला. जाताना त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, घरी जाऊन आधी जेवा.

आता घर फार शांत आहे. हे पत्र तुला पोचायला दहा दिवस लागतील, म्हणून याचा फोटो काढून तुझ्या भावाच्या नंबरवर पाठवतो आहे. त्याला सांगितलंय, वाचू नकोस, तिच्या हातात दे.

त्यांना रात्री नऊच्या सुमारास थोडा वेळ फोन मिळतो, म्हणजे तुमच्याकडे साडेसहा. मला करू नकोस, आधी आईला कर, असं मी त्याला सांगणार होतो. त्याआधीच तो म्हणाला, पहिला आईला. फोन जवळ ठेव. बाबांना माहीत होतं का, हे तुला त्याला आता विचारायची गरज नाही. जेवलास का, एवढंच विचार.

रवींद्र